कर्तो खंय आसा?

फिलूबाय गेली ते मला कंपनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळलं. तिच्या भावाचा फोन नंतर आला. मी नोकरी सोडली तरी त्या ग्रुपमधून मला काढायचं कोणाला सुचलं नव्हतं. सकाळी बांगडे साफ करत होते, हात मासळीचे, मोबाइल कसाबसा करंगळीने उघडला. ‘आपल्या माजी सहकारी फिलोमिना मॅडम यांचे दुःखद निधन झाल्याचे समजते. कंपनीतर्फे भावपूर्ण श्रद्धांजली वाहण्यात येत आहे.’ खाली जोडलेल्या हातांची रांग. खोटं कशाला सांगू, रडू यायच्या आधी कानात तिचाच आवाज आला, ‘वाहण्यात येता म्हणजे कोण व्हावता गो शमे? कर्तो खंय आसा?’ मग रडले. रडून झाल्यावर जो राग आला तो अजून उतरलेला नाही, आणि हे मी त्या रागातच लिहितेय. ज्यांना गोडगोड आठवणी वाचायच्या असतील त्यांनी खुशाल पान उलटावं.

फिलूबाय सावंतवाडीच्या शाळेत मराठी शिकवायची. शाळेतली नोकरी सुटल्यावर ती आमच्या कंपनीत आली. कंपनी काजूबी वाफेवर उकडायची यंत्रं बनवते. यंत्राबरोबर जी माहितीपुस्तिका द्यायची ती लिहायचं काम तिचं, आणि त्यातली चित्रं काढायचं माझं. अक्षरं तिची, बाण माझे. ती देवबागची ख्रिश्चन, मी मालवणच्या बंदरावरची मुसलमान, पण डबा एकच. तिला ‘करण्यात येते’, ‘झाल्याचे आढळते’ असली वाक्यं दिसली की अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. व्याकरणातला कर्ता, म्हणजे काम करणारा, त्याला ती आपल्या मालवणीत ‘कर्तो’ म्हणायची, आणि ‘कुठे आहे’ला ‘खंय आसा’. ‘वाक्यातसून कर्तो पळालो, की समज कोणीतरी कायतरी लपवता.’ पान लिहून झालं की कारखान्यात जाऊन तिथल्या बायांना मोठ्याने वाचायला लावायची आणि त्याप्रमाणे यंत्र चालवायला सांगायची. मला म्हणायची, त्यांच्या तोंडाकडे बघू नको, हातांकडे बघ. तोंड काय, सगळ्यालाच हो म्हणतं... हात अडला की वाक्य चुकलं.

देवळात असो, बँकेत असो, पाटी दिसली की तिच्या हाताला खाज सुटायची. त्यांच्या चर्चबाहेर ‘येथे वाहने उभी करण्यात येऊ नयेत’ अशी पाटी होती आणि तिच्याच खाली पर्यटकांच्या गाड्या लागायच्या. हिने फादरना पटवलं आणि नवी पाटी लिहिली: ‘इथे गाडी लावू नका. फादर चाकातली हवा काढतील.’ फादर बिचारे भला माणूस, मुंगीलासुद्धा वाट देणारा. पण त्यानंतर तिथे कोणाची गाडी लावायची छाती झाली नाही.

आता मुद्द्याचं बोलते. वाफेच्या कुकरच्या झाकणाबद्दल फिलूबायने लिहिलं होतं: ‘काटा शून्यावर आला का बघा. शून्यावर आल्याशिवाय झाकणाला हात लावू नका.’ शेजारी मी काटा काढला होता आणि लाल फुली मारलेला हात. आमचा मालक दिगंबरशेट. मी त्याला आता अहोजाहो करणार नाही. त्याने ते पान बघून नाक मुरडलं. म्हणाला, ‘हे काय बालवाडीचं पुस्तक आहे? लाल फुल्या बघून गिऱ्हाईक पळेल. जरा भारदस्त लिहा.’ फिलूबाय म्हणाली, लिहिणार नाही. मग त्याने आमच्या दोघींच्या समोर टायपिस्टला स्वतः सांगितलं: ‘वाफेचा दाब पुरेसा कमी झाल्यानंतर झाकण उघडण्यात यावे.’ माझं चित्र उडालं. मी तिथे होते, चहाचा कप माझ्या हातात होता, त्यामुळे कोणी मला शिकवू नये. ‘पुरेसा म्हणजे किती, शेट?’ तिने विचारलं. ‘अहो मॅडम, लोकांना कळतं.’ ‘मग शेवटच्या पानावरचं माझं नाव तरी काढा.’ ‘बघू,’ म्हणाला. नाव काढलं नाही. ‘लेखन: फिलोमिना’ तसंच छापलं.

फोंडाघाटला एका लहान कारखान्यात सुनंदा नावाची बाई ते यंत्र चालवायची. वाफेचा आवाज थांबला, तिला वाटलं झालं, तिने झाकण उघडलं. उजवा हात कोपरापर्यंत भाजला, मान भाजली. आठवडाभरात कंपनीने सगळीकडे पत्रक पाठवलं: ‘पुस्तिकेच्या मजकुरात त्रुटी राहून गेल्याचे निदर्शनास आले असून संबंधितांस सेवेतून कमी करण्यात आले आहे.’ राहून गेल्या! कोणाच्या हातून, ते नाही. पण पुस्तिकेवर नाव एकच होतं ना... लोक काय समजायचं ते समजले. मी त्याच दिवशी त्याच्या केबिनमध्ये जाऊन त्याच्या सात पिढ्यांची पूजा बांधली आणि राजीनामा तोंडावर फेकला. बाहेर येऊन ज्याला त्याला सांगत सुटले. लोक म्हणायचे, तुझी मैत्रीण, तू तिचीच बाजू घेणार.

फिलूबायला नोकरी गेल्याचं काही नव्हतं. तिला एकच लागलं होतं, की त्या बाईला आपण भाजवलं असं जग म्हणतं. मला घेऊन ती सुनंदाकडे गेली. सुनंदा ओटीवर बसली होती, हाताला पट्ट्या. म्हणाली, ‘बाय, आवाज बंद झालो. माका वाटला पुरेसो कमी झालो.’ फिलूबाय एवढंच बोलली, ‘ता वाक्य माझा न्हय गो.’ सुनंदाने मान हलवली, पण त्या बिचारीने ऐकून घेतलं की विश्वास ठेवला, ते आम्हाला कळलं नाही. परतीच्या एसटीत फिलूबाय खिडकीकडे तोंड करून बसली होती. सुनंदाची मान हलली होती, पण तोंड, म्हटलं ना, सगळ्यालाच हो म्हणतं.

पुढे फादरनी तिला समजावलं, फिलोमिना, माफ करून टाक, मन हलकं होईल. ती म्हणाली, ‘फादर, माफी देऊक मी तयार आसंय. पण मागणारो खंय आसा? कर्तोच नाय, तर माफी देऊ कोणाक?’ ती तशीच खंगत गेली. डॉक्टर म्हणतात, हृदय. म्हणोत.

चर्चच्या हॉलमधल्या शोकसभेला दिगंबरशेट आला. पांढरी फुलं घेऊन, पांढऱ्या शर्टात. आणि मेलेल्या बाईच्या फोटोसमोर उभा राहून म्हणाला, ‘चुका माणसाकडूनच होतात. त्यांच्या चुकीसकट आम्ही त्यांना आपलं मानलं.’ शेजारी फादर होते म्हणून, नाहीतर ती फुलदाणी मी त्याच्या टाळक्यात घातली असती. वरती अल्लाकडे त्याला माफी असेल तर असो. माझ्याकडे नाही.

ती सावंतवाडीच्या इस्पितळात होती तेव्हापासून तिच्या देवबागच्या झाडांना पाणी घालायला मी जाते. घर बंद आहे, भाऊ गोव्याला. मागच्या पडवीत पंपाच्या बटणावर तिच्या हातचा कागद आहे, माझ्यासाठी लिहिलेला: ‘शमे, तू आधी नळ उघड. मग तू मोटर लाव. उलटा केलंस तर पाइप फुटतलो आणि मी रागावतलंय.’ तिन्ही ओळींत कर्ता. शोकसभेच्या आठवड्यात तो कागद वाचता वाचता माझ्या डोक्यात आलं, की ओरडून काही होत नाही, लिहायला हवं. माझं जुनं चित्र पुन्हा काढलं, काटा आणि लाल फुलीचा हात. खाली फिलूबायची दोन वाक्यं. त्याखाली माझी दोन: ‘हे फिलोमिनाने लिहिलं होतं. दिगंबरशेटने ते काढून टाकलं.’ मालवणात स्टिकर छापून घेतले आणि फोंडाघाटला गेले. सुनंदाने सगळं वाचलं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग तिच्या यंत्रावर पहिला स्टिकर तिनेच लावला, डाव्या हाताने. नंतर मी जिथे जिथे ते यंत्र आहे तिथे जाऊ लागले. कारखान्यातल्या बाया मला चहा देतात आणि झाकण उघडायच्या आधी काट्याकडे बघतात.

परवा देवबागला होते. नळ उघडला, मोटर लावली, तेवढ्यात फोन वाजला. दिगंबरशेट. आवाज भारदस्त. ‘मॅडम, आमच्या यंत्रांवर ठिकठिकाणी काही बदनामीकारक मजकूर चिकटवण्यात आल्याचं कळतं. तो कोणाकडून चिकटवण्यात आला, याची चौकशी करण्यात येत आहे.’

समोर तिचा कागद होता. मी म्हटलं, ‘मी चिकटवला. मी शमीम. आता तू सांग, शेट... वाक्य कोणी बदललं?’

मी थांबले. मला घाई नव्हती, माडांना पाणी चाललं होतं. मग, त्याच्याच भाषेत सांगायचं तर, फोन ठेवण्यात आला.