खिडकीतला रुमाल

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. मी ग्रंथालयात काम करते. भुताखेतांची पुस्तकं फक्त कपाटात लावून ठेवते. तरीही हे लिहिते आहे...

बाबा पिंपरीहून चाकणला कंपनीच्या बसने जात. बस आली की खिडकीतून चौकड्यांचा रुमाल टाकून सावलीच्या बाजूची सीट धरत. वाऱ्याने उडू नये म्हणून त्याच्या कोपऱ्याला गाठ. रुमाल दिसला की तिथे कोणी बसत नसे – सुपरवायझरसुद्धा. निवृत्तीनंतर त्यांची एकच हौस उरली होती: विमानातून हिमालय बघायचा. तिकिटं काढण्याआधीच ते गेले.

म्हणून यंदा त्यांच्यासाठी आई आणि मी दिल्लीहून बागडोगऱ्याला निघालो. डोंगर कोणत्या बाजूला दिसतात हे मी आठवडाभर वाचलं आणि उजवीकडच्या सीट घेतल्या. ती माहिती परतीच्या प्रवासाची होती.

"एवढं वाचतेस," आई म्हणाली, "त्यांनी ड्रायव्हरला विचारलं असतं."

डावीकडे, आमच्याच रांगेत, चाकणजवळच्या निघोज्याचे एक काका कडेला बसले होते. पलीकडच्या दोन्ही सीट रिकाम्या.

"काका, खिडकीत आई बसली तर चालेल?"

"न्हाई ताई. रुमाल हाय तिथं. म्हणून तर मी कडंला बसलोय."

चौकड्यांचा. कोपऱ्याला गाठ.

दार बंद झालं, तरी कोणी आलं नाही. एअर होस्टेस रुमाल उचलायला आली, तर काकांनी हात आडवा घातला. "मॅडम, किसीने जगह पकडा है."

"आमच्या ह्यांचा आहे तो," आई शांतपणे म्हणाली आणि मधल्या सीटवर जाऊन बसली.

"अगं, खिडकीत सरक ना."

"धरलेल्या जागेवर कसं बसायचं?"

तासाभराने बर्फाची रांग दिसू लागली. आई मान लांब करून बघत होती. खिडकीची जागा तशीच रिकामी. काकांनी हळूच विचारलं, "मालकांना दिसतंय ना?"

"दिसत असणार. कधी नव्हे ते गप्प बसलेत."

मी उजवीकडे ढग बघत होते.

उतरताना आईने रुमाल पर्समध्ये घातला. असे रुमाल बाजारात ढिगाने मिळतात, गाठ कोणीही मारू शकतं, हे मलाही कळतं. पिंपळे सौदागरला घरी आल्यावर मी आधी बाबांचं कपाट उघडलं. त्यांचा रुमाल घडी घालून तिथेच होता, गाठीसकट.

आता घरात दोन आहेत. दुसरा कुठून आला, मला सांगता येत नाही. आईला तो प्रश्नच पडलेला नाही.

"एक त्यांचा," ती म्हणते, "दुसरा माझी जागा धरायला. त्यांना म्हणावं, घाई नाही."