पावसामागे दुकान हलवणारे दाजी

जुन्या बाजारातल्या एका अरुंद गल्लीत छत्र्यांचं दुकान होतं आणि ते चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे दाजी म्हणत. खरं तर दाजी म्हणायचा हक्क एकट्या त्यांच्या मेहुण्याचा. पण मेहुण्याचा आवाज असा दणदणीत, की गल्लीच्या तोंडाशी उभं राहून त्याने मारलेली हाक हळूहळू सगळ्यांच्याच तोंडी बसली. न्हावी, औषधवाली, पोस्टमन झालेच; दाजींचे स्वतःचे वडीलसुद्धा शेवटी शेवटी त्यांना दाजी म्हणायला लागले होते.

दाजींना छत्रीचं वेड होतं. त्यांच्या बायकोचं म्हणणं, लग्नाआधी पहिल्यांदा भेटले तेव्हा यांनी तिचं शिक्षण विचारलं नाही, हातातली छत्री कुठून घेतली ते विचारलं, आणि उत्तर ऐकून जरा नाराजच झाले. दुकानात आता घडीच्या रंगीबेरंगी छत्र्या जास्त खपत. पण दाजींचा जीव जुन्या लांब, वाकड्या मुठीच्या काळ्या छत्र्यांवर. त्या कोणी घेत नसे. तरी दर हंगामात ते नव्या मागवत आणि बायकोला दिसू नयेत म्हणून माळ्यावर दडवत.

अडचण अशी झाली, की गल्लीतला पाऊसच पसार झाला.

तसं शहर डोळ्यांसमोर वाढत होतं. गल्लीच्या मागे तळं होतं, ते बुजवून गाड्या उभ्या करायला जागा केली. पलीकडे काचेच्या इमारती उठल्या, एकीपेक्षा एक उंच. चिखलाने गिऱ्हाइकांचे पाय भरतात म्हणून दाजींनीच पुढाकार घेऊन गल्ली आणि मागची परसं सिमेंटने गुळगुळीत करून घेतली होती. दुपारी ती तव्यासारखी तापे. मग ढग येत, गल्लीवर काळेकुट्ट जमत. दाजी हात चोळत छत्र्यांचा स्टँड बाहेर काढत. ढग थोडा वेळ विचारात पडल्यासारखे थांबत आणि पुढे निघून जात.

ते जात मेहुण्याकडे. शहराच्या दुसऱ्या टोकाला, नव्या वसाहतींच्याही पलीकडे, मेहुण्याचं सोफ्यांचं दुकान होतं. त्याला घरात चिमण्या म्हणत. लहानपणी नाव पडलं तेव्हा तो खरोखरच चिमणीएवढा होता. आता दारातून आत यायला त्याला किंचित तिरकं व्हावं लागे. त्याच्याकडे रोज दुपारी धो धो पाऊस. अशा हवेत सोफा घ्यायला कोण बाहेर पडणार? दमट हवेने माल खराब होऊ नये म्हणून सगळे सोफे त्याने प्लास्टिकच्या जाड आवरणात गच्च बांधून ठेवले होते. गिऱ्हाईक बसलं की ते करकर वाजत आणि गिऱ्हाईक उठून जाई.

दुपार झाली की चिमण्याचा फोन ठरलेला. "दाजी, तुमचा पाऊस परत माझ्याकडे आलाय. घेऊन जा."

एके दिवशी हवामान खात्यात काम करणाऱ्या एक बाई छत्री घ्यायला आल्या. त्यांचं काम कळल्यावर दाजींनी त्यांना स्टूल दिलं आणि पोलिसांत तक्रार नोंदवावी तशा सुरात आपलं गाऱ्हाणं मांडलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी नीट समजावून सांगितलं. सिमेंट, डांबर आणि काचा दिवसभर तापतात, ती गरम हवा वर चढते आणि ढगांना आणखी फुगवते. उंच इमारतींपाशी वारा अडखळतो, तोही हवेला वर ढकलतो. असे फुगलेले ढग वाऱ्याबरोबर सरकतात आणि पुष्कळदा शहराच्या पलीकडच्या अंगाला रिकामे होतात.

"म्हणजे माझ्या मेहुण्याकडे," दाजी म्हणाले.

"पुष्कळदा म्हटलं मी. नेहमीच असं नाही. कधी तोच ढग शहरावर फुटतो, आणि मग..."

पुढचं ऐकायला दाजी तिथे नव्हते. ते आत फोन लावत होते. बाईंनी उरलेलं वाक्य न्हाव्याला सांगितलं आणि छत्री घेऊन गेल्या.

दाजींची योजना सोपी होती. पाऊस दुकानाकडे येत नसेल तर दुकानाने पावसाकडे जावं. छत्र्या तिकडे, सोफे इकडे. चिमण्याला ती इतकी पटली की त्याने त्याच आठवड्यात टेम्पो सांगितला. बायकोला दोघांनी शेवटी विचारलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, की दोघांनी मिळून विचार केला हे ऐकूनच तिला धास्ती वाटतेय.

पाट्या बदलायच्या राहिल्या. त्यामुळे तिकडे लोक सोफा बघायला येत आणि छत्री घेऊन जात, कारण तोवर बाहेर पाऊस सुरू झालेला असे. दाजी खूश होते. इकडे गल्लीत लख्ख ऊन होतं, सोफे खपत होते, आणि दाजींचं घर दुकानाच्या वरच असल्याने चिमण्या दिवसातून चार वेळा ताईकडे खायला वर जात होता. जिन्याचा कठडा हलायला लागला, तेवढीच काय ती तक्रार.

मग एका दुपारी दाजी नव्या दुकानाच्या दारात उभे होते आणि पाऊस आलाच नाही. डोक्यावर स्वच्छ ऊन. शहराच्या बाजूला मात्र आकाश शाई सांडल्यासारखं झालं होतं आणि तो काळा गोळा जागचा हलत नव्हता. त्यांनी घरी फोन लावला. तिकडून आधी नुसता घोंघाट ऐकू आला, मग बायकोचा आवाज.

"छत्र्या घेऊन येऊ का?" दाजींनी विचारलं.

"नाव मिळाली तर आणा," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

बाईंचं अर्धं राहिलेलं वाक्य गल्लीवर कोसळत होतं. महिन्याभराचा पाऊस एका दुपारी आला होता. पाणी मुरायला जागा नव्हती. तळं नव्हतं, माती नव्हती, होतं ते दाजींचं गुळगुळीत सिमेंट, त्याच्यावरून पाणी घसरगुंडी खेळत गल्लीत उतरत होतं. गटारं उलटी वाहायला लागली. दुकानातले सोफे आधी जागच्या जागी डुलले, मग एकामागून एक शांतपणे दारातून बाहेर पडले. प्लास्टिकमध्ये गच्च बांधलेले असल्याने ते झकास तरंगत होते. चिमण्या एकाला थांबवायला गेला, त्याच्यावर पडला आणि त्याच्यासकट न्हाव्याच्या दुकानापुढून वाहत गेला. आत खुर्चीत अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक पाय वर घेऊन बसलं होतं. त्याने वाहत जाणाऱ्या चिमण्याला सोफ्याची किंमत विचारली, असं न्हावी सांगतो.

दाजी बसने निम्म्या रस्त्यापर्यंत आले आणि तिथून पाण्यातून चालत. आणीबाणीला हाच माल कामाचा म्हणून त्यांनी, माळ्यावरून गुपचूप नव्या दुकानात नेलेल्या लांब काळ्या छत्र्यांचा भारा खांद्यावर घेतला होता. गल्लीच्या तोंडाशी पहिली उघडली ती वाऱ्याने उलटी करून टाकली. दुसरी हातातून उडाली आणि इमारतींमध्ये दिसेनाशी झाली. तिसरी उघडणार तेवढ्यात समोरून तिघांच्या बैठकीचा एक सोफा आला. त्यावर औषधवालीची म्हातारी आई बसली होती, मांडीवर औषधांचं खोकं, चेहऱ्यावर बसमध्ये खिडकीची जागा मिळाल्याचं समाधान. मागून चिमण्याचा सोफा येत होता.

वर खिडकीत उभी असलेली बायको तेवढीच भानावर होती. "अहो, उघडू नका ती," ती ओरडली. "मुठीने धरा सोफा."

दाजींनी छत्री उलटी धरली आणि वाकडी मूठ सोफ्याच्या हातात अडकवली. सोफा थांबला. त्यांनी तो ओढत जिन्यापाशी आणला, म्हातारीला उतरवलं. तिने अजून एक फेरी होईल का विचारलं. मग बायकोने खिडकीतून हुकूम सोडायला सुरुवात केली. भाऱ्यातल्या छत्र्या हातोहात वाटल्या गेल्या आणि सगळी गल्ली सोफे पकडायला लागली. बंद पडलेल्या गाडीतलं एक कुटुंब, अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक, पोस्टमन आणि त्याची थैली, सगळे सोफ्यावरून जिन्यापर्यंत आले. चिमण्याला ओढायला मात्र पाच छत्र्या लागल्या आणि त्यातल्या दोन मोडल्या. दाजींना तेव्हाही त्या दोघींचं वाईट वाटलं.

संध्याकाळी पाणी ओसरलं. गल्लीभर सोफे आडवेतिडवे पडले होते आणि लोक त्यांवर दमून बसले होते. घरातलं जेवढं होतं तेवढं बायकोने सगळ्यांना चहाबरोबर खायला घातलं आणि नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. दाजींना वाटलं, आता आपलं काही खरं नाही. पण ती म्हणाली, की माळ्यावरच्या छत्र्या तिला पहिल्यापासून माहीत होत्या, आणि उद्यापासून मागचं सिमेंट फोडायला लागा.

तेवढ्यावर सुटले म्हणून दाजींनी दुसऱ्या दिवशी सकाळीच पहार हातात घेतली. चिमण्याही आला. परसातलं सिमेंट फुटायला बरेच दिवस लागले, कारण दाजींनी ते फार मन लावून करून घेतलं होतं. दाजी आपल्या गल्लीत परतले आणि चिमण्या त्याच्या जागी, पण माल मात्र पूर्वीसारखा वेगळा केला नाही. पाऊस कुठे पडेल याचा भरवसा नाही म्हटल्यावर बायकोने दोन्हीकडे अर्धे सोफे आणि अर्ध्या छत्र्या ठेवायला लावल्या. जिथे ऊन असेल तिथे सोफा पुढे, जिथे ढग तिथे छत्र्या. दोघे रोज सकाळी फोनवर आभाळाची चौकशी करतात आणि दर वेळी भांडतात.

हवामान खात्यातल्या बाई मध्यंतरी पुन्हा आल्या होत्या. दाजींनी त्यांना स्टूल दिलं, स्वतः समोर बसले आणि त्या बोलायच्या थांबेपर्यंत जागचे हलले नाहीत. त्यांना बरंच काही कळलं नाही. मागे परसात उघड्या मातीत कसलंसं गवत उगवलंय, बाई गेल्यावर ते तिथे जाऊन त्याला पाणी घालून आले.