मोकळ्या मनगटाची थरथर

माझ्या थोरल्या बहिणीला घरात सगळे भिंगरी म्हणतात. एका जागी बसेल तर शपथ! पुढे ती एका मोठ्या गोदामात माल उचलायला लागली, तेव्हा आम्हाला वाटलं, हिच्यासाठीच केलेलं काम आहे. तिथे मनगटाला पट्टा बांधायचे. हात जरा थांबला की पट्टा थरथरायचा आणि काचेच्या खोलीतल्या साहेबाला कळायचं. म्हणून पाणी पितानाही बायका दुसरा हात हलवत राहायच्या. ताईनं घरी त्याची नक्कल केली तेव्हा आम्ही पोट धरून हसलो.

"तुमचेच हात बघून यंत्रं शिकतायत," असं साहेब म्हणायचा आणि आमच्या ताईबाई खूश! मला तेव्हाच ते खटकलं होतं, पण हिच्यापुढे बोलणार कोण? यंत्रं शिकली आणि बायकांना घरी पाठवलं.

ताई पट्टा परत द्यायला गेली तेव्हा तिनं त्या यंत्रांचे लोखंडी हात पाहिले. माल आला नव्हता, म्हणून नुसते उभे होते.

"अगं, कितीतरी वेळ," ती मला म्हणाली. "आणि कुणी त्यांना काही म्हणत नव्हतं."

तेव्हापासून तिचं मोकळं मनगट थरथरतं. डॉक्टरांना काही सापडलं नाही. हात टेकला की ती दचकते, उठते आणि काहीतरी उचलून दुसरीकडे ठेवते. परवा मीठ कपड्यांच्या कपाटात मिळालं.

मग तिच्या लेकीला मुलगा झाला. ताईला एकच हवं होतं, नातवानं आपल्या मांडीवर झोपावं. पण त्याचा डोळा लागून हिचा हात शांत झाला, की ही ताडकन उठायची. एकदा बाळ पडता पडता वाचलं.

"आई, तू राहू दे," लेक म्हणाली. हळूच म्हणाली, पण ताईचा चेहरा बघवेना.

मला लेकीचा रागच आला. काल ती आंघोळीला गेल्यावर मी बाळ ताईच्या मांडीवर दिलं आणि तिचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"मी धरलंय ना. काही होत नाहीये. बस तू."

बाळ झोपलं. ताई त्याच्याकडे बघत राहिली, डोळे भरून आले होते तिचे. मला वाटलं, जमलं!

"घे गं लवकर," ती कुजबुजली. "साहेब बघतोय."

खोलीत आम्ही तिघंच होतो. तरी मी मागे वळून पाहिलं, आणि बाळ उचलून घेतलं.