गार जॅकेटाच्या उठाठेवी

एकच वस्तू बनवत माणसं वर्षानुवर्षं एका शेडमध्ये बसली की वस्तू बनो न बनो, किस्से मात्र आपोआप बनतात. कोलशेतच्या आमच्या शेडमध्ये तेच झालं. आम्ही तिघं: प्रधान मॅडम, शिवणकाम बघणाऱ्या लताताई आणि मी. काम एकच, जमिनीखालच्या खाणीत घालायचं गार जॅकेट. तिथे हवा इतकी दमट की घाम वाळतच नाही. अशा खाणीतून एका बेशुद्ध कामगाराला वर आणताना मॅडमनी पाहिलं आणि चांगली नोकरी सोडली. असल्या बाईपुढे ‘जमणार नाही’ म्हणायची सोय नसते.

*

जॅकेटच्या खिशांत गोठवलेल्या जेलच्या पिशव्या असतात. पण चाचणीसाठी ठाण्यात खाण कुठून आणणार? शेजारच्या कारखान्यात पत्र्यांवरचा रंग भाजून पक्का करायची भट्टी होती. ती बंद केल्यावरही खोली बराच वेळ तापलेली राहायची. मॅडमनी तिथे व्यायामाची सायकल ठेवली आणि मला वर बसवलं.

बाहेर आलो तेव्हा त्यांनी विचारलं, "नेमकं कसं वाटतंय?"

"छातीत महाबळेश्वर, डोक्यात डोंबिवली."

मॅडम हसल्या नाहीत. "म्हणजे मानेलाही पिशवी हवी," म्हणाल्या आणि मला परत आत पाठवलं.

*

एकदा शेडचा फ्रीजर बिघडला, म्हणून पिशव्या आणि जॅकेट मॅडमच्या डोंबिवलीच्या घरी ठेवलं. दुसऱ्या दिवशी आणायला गेलो तर दार त्यांच्या सासूबाईंनी उघडलं, जॅकेट घालूनच! मे महिना, हातात लाटणं, आत पुरणपोळ्या चाललेल्या.

"आजी, हे खाणकामगारांसाठी आहे हो."

"त्यांना अवश्य द्या," आजी शांतपणे म्हणाल्या. "पण शेवटची पोळी तव्यावरून उतरेपर्यंत मी हे काढणार नाही."

*

पहिली खरी चाचणी विदर्भातल्या एका खाणीत झाली. सगळ्यांनी अर्ध्या तासात जॅकेटं काढून ठेवली. हेल्मेटच्या दिव्याची बॅटरी कमरेच्या पट्ट्याला असते. ती जॅकेटखाली दाबली जाऊन रुतत होती. भट्टीत मी एवढी सायकल चालवली, पण पट्टा एकदाही बांधला नव्हता. खाणवाल्यांनी सुनावलं, आणखी एकच संधी. पूर्ण पाळी सगळ्यांच्या अंगावर राहिलं नाही तर विषय बंद.

मला रडूच येत होतं. मॅडमनी शेडमध्ये आल्या आल्या कात्री काढली. "सगळी उसवा. कमरेच्या वर घेऊ."

लताताईंनी ढिगाकडे पाहिलं. "मॅडम, एवढं तर माझ्या सासूनं पण कधी उसवायला लावलं नाही," म्हणत त्यांनी पहिली शिवण उसवायला घेतलीसुद्धा.

*

दुसऱ्या चाचणीला आम्ही तिघंही गेलो. पाळी सुटायच्या वेळी खाणीच्या तोंडाशी उभे राहिलो. माणसं वर येऊ लागली, आणि प्रत्येकाच्या अंगावर जॅकेट. लताताईंनी माझा हात घट्ट धरला. सगळ्यात शेवटी आले नथ्थूजी, गटातले सर्वांत वयस्क. अंगात नुसतं बनियन.

मॅडमचा चेहरा उतरला. "नथ्थूजी, जॅकेट कुठाय?"

"खालीच हाये. पाळी सुटली अन् दुसऱ्या पाळीच्या वामननं अंगावरून ओढूनच घेतलं."

"अहो, पण त्यातलं जेल तर वितळलं असेल."

"वितळलंच ना. मी सांगतलं त्याले. तं म्हणे, राहू द्या, घालूनच ठेवतो, उद्याचा पहिला नंबर आपला."