झाकणाची आतली बाजू

आबांची हत्यारांची पेटी आमच्या धुळ्याच्या घरी आली ती गोणपाटात गुंडाळून, आबांच्या मागोमाग. आबा म्हणजे माझे वडील. शिरपूर रस्त्यावरच्या आमच्या गावात आणि आसपासच्या शिवारात त्यांनी चाळीस वर्षं बोअरमधल्या मोटारी टाकल्या, काढल्या, दुरुस्त केल्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी त्यांना माझ्याकडे घेऊन आले. चार महिने झाले, गुडघा बरा झाला, काठी घेऊन ते गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायला लागले. पण माणूस काही पहिल्यासारखा होईना. सकाळी ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे ते जेवायला हाक मारेपर्यंत. टीव्ही लावला तर बघायचे, बंद केला तर बंद टीव्हीकडे बघायचे. मला ते बघवत नव्हतं. घरात काही मोडलं तरी उठून बघायचे नाहीत, आणि ज्यांनी अख्ख्या शिवाराला पाणी दिलं त्यांच्या डोळ्यांदेखत माझ्या न्हाणीघरातला नळ महिनाभर ठिबकत होता.

एकदा पलंगाखालचा केर काढताना पेटी पुढे आली. तीन बाजूंनी गंजलेली, एक कडी तुटलेली, मूळचा रंग कोणता ते देवाला ठाऊक. आबांनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हाई पेटी भंगारमा दी टाक. आते कोनले लागस ती?"

मी तशी चटकन तापते. घरातले सगळे जाणून आहेत. त्या दिवशीही तापले. म्हटलं, या पेटीवर आम्ही तिघं भावंडं शिकलो, हिला भंगारात द्यायची भाषा माझ्या घरात नको. मी पेटी उचलून मागच्या अंगणात नेली आणि जाहीर केलं की ही मी रंगवणार, नव्यासारखी करणार. आबांनी तोंड फिरवलं. पण मला दिसलं की खुर्ची त्यांनी ओट्यावरून उचलून मागच्या दाराशी आणली होती.

आधी सोपा रस्ता धरायचा म्हणून एमआयडीसीत पावडर कोटिंग करणाऱ्याकडे विचारून आले. त्याने जो आकडा सांगितला त्यात नवी पेटी आली असती, वर दोन नवे पाने सुद्धा. मग म्हटलं, आपले हात काय नुसते पोळ्या लाटायला आहेत का? हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिश पेपरचे चार तुकडे, तारेचा ब्रश आणि रेड ऑक्साइडचा, म्हणजे गंज थांबवणाऱ्या तांबड्या अस्तराचा, सगळ्यात लहान डबा आणला. रॉकेलला पर्याय म्हणून थोडं डिझेल आमच्या यांच्या गाडीतून काढलं, त्यावरून दोन दिवस बोलणी खाल्ली. वरच्या रंगाचं शेजारच्या भाभींनी भागवलं. त्यांनी दिवाळीला फाटक रंगवलं होतं, त्यातला पाव डबा उरला होता. रंग पोपटी. फुकटच्या रंगाला रंग विचारायचा नसतो, एवढं व्यवहारज्ञान मला आहे.

हत्यारं बाहेर काढून चादरीवर मांडली. पाने, चेन पाना, हातोडी, हॅक्सॉ, टेस्टर, ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या, आणि तळाशी चार सुकलेल्या सुपाऱ्या. मग पेटीला डिझेल चोपडून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी घासायला बसले.

घासण्यात एक सुख आहे, ते मला या वयात कळलं. शाळेच्या ऑफिसात मी दिवसभर जे करते त्याचं संध्याकाळी काही दिसत नाही. इथे वीतभर जागा घासली की वीतभर लोखंड चमकत होतं. हात तांबडे झाले, नखं गेली, कंबर धरली, तरी मी मजेत होते. आबा दारातून बघत होते. पहिल्या दिवशी गप्प. दुसऱ्या दिवशी खोकले. तिसऱ्या दिवशी राहवलं नाही.

"तसं नही. गोल घास," म्हणाले. "आनि लोखंड धवळं दिसाले पाहिजे. तोपर्यंत रंग लावनं नही."

हे त्यांचं जुनं वाक्य. लोखंड पांढरं दिसल्याशिवाय रंग लावायचा नाही, नाहीतर आतून गंज पुन्हा वर येतो. लहानपणी सायकल रंगवताना त्यांनी मला हेच सांगितलं होतं. मी हसले आणि आणखी जोर लावला. चार महिन्यांत आबांनी स्वतःहून एखाद्या कामात लक्ष घातलं ते पहिल्यांदाच. मनातल्या मनात मी पेटीला नमस्कार केला.

चौथ्या दिवशी आबांना गुडघा दाखवायला दवाखान्यात न्यायचं होतं. हे त्यांना घेऊन गेले. माझं फक्त झाकण आतून राहिलं होतं. आत ग्रीसचा काळा थर होता, बोटभर जाड. तो खरवडला, डिझेलने पुसला, तर खाली ओरखडेच ओरखडे. उभ्या रेघा, मध्येच एखादी आडवी, कुठे पाच-सहा, कुठे पंधरा-वीस, सगळ्या झाकणभर पसरलेल्या. वाटलं, इतकी वर्षं आत हत्यारं आदळली, त्याचे हे वळ. मला अर्धवट काम पाहवत नाही. मी जाड पेपर घेतला आणि गोल गोल, आबांनी सांगितलं तसं, लोखंड धवळं दिसेपर्यंत घासलं. खोल रेघा जात नव्हत्या, त्यात लांबी म्हणजे पुट्टी भरली, पुन्हा घासली, आणि वरून रेड ऑक्साइडचा हात मारला. झाकण आतून आरशासारखं गुळगुळीत झालं. स्वतःच्या हाताचं कौतुक करत मी चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी आबांचा फोन वाजला. गावाकडचा एक शेतकरी, आबांना लहानपणापासून ओळखणारा. त्याची मोटार जळाली होती. शेतात पपई उभी, पाणी बंद होऊन दोन दिवस झाले होते. आवाज इतका मोठा की मला स्वयंपाकघरात ऐकू येत होतं.

"आबा, तुम्हीच टाकेल व्हती मोटार. काढनारा येयेल शेत. कितला पाईप शेत, आनि अडकस कोठे, तेवढं सांगा."

किती पाईप आहेत आणि मोटार कुठे अडकते, एवढंच त्याला हवं होतं. त्या शिवारात काही बोअर वाकडे आहेत. मधेच कुठेतरी दगड पुढे आलेला असतो. मोटार वर ओढताना ती बरोबर त्या दगडाला लागते. माहीत असलं तर तिथे थांबून, पाईप हळूच फिरवून ती सोडवता येते. माहीत नसलं आणि कप्पीने तशीच ओढली तर पाईप तुटतो, मोटार खाली जाते, आणि मग तो बोअर संपला.

"थांब," आबा फोनवर म्हणाले. "पेटी देखीसन सांगस."

ते उठले. काठी न घेता उठले. मागच्या अंगणात गेले, झाकण उचललं आणि उभेच राहिले. मी मागून गेले. त्यांनी तळहात झाकणावर आतून ठेवला, तांबड्या रंगावरून इकडून तिकडे फिरवला.

"आठे रेघा व्हत्या," म्हणाले. "बठ्ठं शिवार व्हतं."

त्यांचं बोट कडांवरून फिरलं तसं मला समजलं, अख्खं शिवारच त्या झाकणात होतं. वरची कड म्हणजे नदी. डावी कड म्हणजे रस्ता. ज्याचं शेत जिथे, तिथे त्याच्या बोअरच्या रेघा. एक उभी रेघ म्हणजे एक पाईप, आणि आडवी काट जिथे तिथे अडतं. नाव कुणाचंच नाही, कारण आबांना नावं लिहायची गरजच कधी पडली नव्हती. चाळीस वर्षांत त्यांनी ते खिळ्याने कोरत आणलं होतं, आणि मी एका दुपारी ते घासून, वर लांबी भरून, रंगवून टाकलं होतं.

"आबा, मन्हं चुकनं," मी म्हटलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी उलट चार शब्द बोलले असते, भांडण झालं असतं, मोकळं झालं असतं. पण ते म्हणाले, "तुन्ही काय चूक? मीच सांगेल व्हतं, भंगारमा दी टाक." आणि पुन्हा झाकणावर हात फिरवत राहिले. त्या क्षणी मला माझाच इतका राग आला की तो पोपटी डबा उचलून भिंतीवर आपटावासा वाटला.

फोन अजून चालूच होता. आबांनी तो कानाला लावला. डोळे मिटले. अंगठ्याने बोटांची पेरं मोजली. मग म्हणाले, "पाईप सतरा. अडकस बारावाले, नही ते तेरावाले." पुन्हा झाकणाकडे बघितलं. "एक काम कर. मी येवापर्यंत हात लावू नका."

फोन ठेवून माझ्याकडे वळले. "गाडी काढ."

मी स्कूटी काढली. यांनी चारचाकीने सोडतो म्हटलं, पण आबांना धीर नव्हता. हत्यारं परत भरलेली पेटी माझ्या पायांपाशी, अर्धी लोखंडी अर्धी तांबडी, आबा मागे, काठी दोघांच्या मध्ये. रस्ताभर मी मनात एकच घोकत होते, बारा की तेरा, बारा की तेरा. मोटार खाली गेली तर त्या माणसाची पपई जाईल हे खरंच होतं, पण मला त्याहून भीती होती ती आबांची. आज त्यांचा शब्द चुकला तर ते परत त्या खुर्चीत जाऊन बसतील आणि मग माझ्याने काही ते उठायचे नाहीत.

शेतात बोअरवर तीन पायांची उंच लोखंडी तिवई उभी होती, चेन कप्पी लावलेली, माणसं सावलीत बसलेली. आबांना बघून सगळे उठले. केळीचं रिकामं कॅरेट उलटं टाकून आबा बोअरशी बसले आणि म्हणाले, ओढा. एक एक पाईप वर येऊ लागला, क्लॅम्प लागायचा, सुटा पाईप बाजूला जायचा. मी मोजत होते. दहा. अकरा. बाराव्याला आबांनी हात वर केला. त्यांनी तळहात पाईपवर ठेवला, अगदी सकाळी झाकणावर ठेवला होता तसा. बारावा सरळ निघाला.

तेरावा अर्धा वर आला आणि आबा म्हणाले, "बस."

मला काहीच दिसलं नव्हतं, कुणालाच दिसलं नव्हतं. पण त्यांच्या हाताला कळलं होतं. त्यांनी पेटीतला चेन पाना मागितला, पाईपला लावायला सांगितला, अर्धा वेढा डावीकडे फिरवायला लावला, मग थोडं खाली सोडलं, मग म्हणाले, आता ओढा, सावकाश. खालून खर्र आवाज आला आणि पाईप हलका झाला. बाकीचे चार पाईप आणि मोटार भराभर वर आले. त्या शेतकऱ्याने आबांच्या पायांना हात लावला. मी बांधावर जाऊन उभी राहिले आणि पदराने डोळे पुसले, कारण मला चारचौघांत रडायला आवडत नाही.

परतताना आबा मागे बसून बोलतच होते. कुणाचा बोअर कधी घेतला, कुठे खडक लागला, कुणाच्या विहिरीत साप निघाला. धुळं आलं तरी संपेना. संध्याकाळी त्यांनी न्हाणीघरातला नळ दुरुस्त केला, मी न सांगता.

पेटी मी पुढच्या आठवड्यात पुरी केली. दोन हात पोपटी, मध्ये एक दिवस वाळायला. तुटकी कडी आबांनी स्वतः बसवली. रंग बघून म्हणाले, "हाई पेटी शे का मिरची?" पण दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते. झाकण आतूनही पोपटी केलं होतं, कुठे डाग नाही, ब्रशचा केस नाही. इतकं सुबक काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

ते पुरतं वाळल्यावर आबांनी खिळा मागितला. मी दिला, आणि माझ्या नव्या रंगावर त्यांनी टोक टेकवलं तेव्हा त्यांचा हात धरावासा वाटला, खोटं कशाला बोलू. वर नदी, डावीकडे रस्ता. नदीच्या खाली जरा उजवीकडे त्यांनी सतरा रेघा ओढल्या आणि तेराव्या रेघेवर काट मारली. मग खिळा माझ्या हातात दिला.

"तू लिख. मी सांगस."

मी लिहायला बसले. ते जागा दाखवायचे, मी रेघा ओढायची. पंधरा. एकोणीस, आठव्याला काट. बारा, सरळ. सात-आठ शेतं झाली आणि एका जागी बोट ठेवून ते थांबले. "हाई ध्यानमा नही," म्हणाले. "तठे जानं पडी."

त्या रविवारी आम्ही तिथे गेलो. शेतकऱ्याशी बोलून, चहा पिऊन, रेघा घेऊन आलो. पुढच्या रविवारी दुसरं शेत, तेही ध्यानात नव्हतं. त्याच्या पुढच्या रविवारी तिसरं. आता तिसरा महिना चालू आहे, आणि आबांना दर आठवड्याला नेमकं एक शेत आठवत नाही.

परवा शुक्रवारी मी ऑफिसातून आले तेव्हा ते ओट्यावर फोनवर बोलत होते. पलीकडून कुणीतरी पाईप विचारत होतं. आबा न थांबता सांगत होते, एकवीस पाईप, नवव्याला अडकस, डावीकडे फिरवा, खाली मऊ माती शे, जपा. शेत कोणतं ते ऐकलं आणि मी दारातच थांबले. येत्या रविवारी आम्हाला जायचं होतं तेच ते शेत. गेल्या रविवारी त्याच जागेवर बोट ठेवून त्यांनी मला सांगितलं होतं, हे काही केल्या ध्यानात येत नाही.

मी आत जाऊन चहा टाकला. शनिवारी स्कूटीत पेट्रोल भरून ठेवलं.