पाठीवरचा वारा

मास्तरांनी शिवलेला सदरा कुणाला कधी घट्ट झाला नाही. माणूस आज ना उद्या अंगानं सुटणारच, अशी त्यांची ठाम श्रद्धा. म्हणून घेतलेल्या मापात ते गुपचूप दोन इंच वाढवत. शर्यतीसाठी स्वतःला शिवलेला सदराही तसाच, आत आणखी एक मास्तर मावेल एवढा ऐसपैस.

शर्यत दरवर्षीची, दहा किलोमीटरची. तलावाच्या बांधावरून पाच जायचं, वळायचं, त्याच वाटेनं परत यायचं. मास्तर आठ वर्षं धावत होते आणि तासाच्या आत एकदाही आले नव्हते. जाताना स्वारी सव्वीस मिनिटांत वळणावर! येताना मात्र तोंडाला फेस. मग दोष कधी बुटांचा, कधी जेवणाचा. यंदा गुडघाही कुरकुरायला लागला, तेव्हा बायकोनं निक्षून सांगितलं, "तासाच्या आत आलात तर धावा खुशाल. नाही तर बूट माळ्यावर." मास्तरांनी चार गिऱ्हाइकांसमोर ताठ मानेनं हो म्हटलं, आणि त्या दिवशी तीन बाह्या उलट्या जोडल्या.

शर्यतीच्या आदल्या दिवशी बायको गच्चीवर कपडे वाळत घालत होती. "अहो, जाताना तुम्हाला उडल्यासारखं वाटतं ना?"

"मग! दम आहे माझ्यात."

"दम कसला डोंबलाचा! वारा असतो पाठीला. वीस वर्षं इथे कपडे वाळत घालतेय, सकाळी चादर कायम बांधाकडेच उडते. जाताना हात राखून धावा. येताना कुणाच्या तरी आडोशाला राहा. आणि तो सदरा आवळा, त्याचं शीड झालंय."

"आडोशाला? मी?"

"माझा भाऊ नाही का दरवर्षी तुमच्या मागे मागे येत आणि शेवटी पुढे जात?"

मेहुणा पाव भाजणारा, अंगानं चांगला रुंद. तो मागे राहतो तो दाजींचा मान म्हणून, अशी आठ वर्षं मास्तरांची समजूत होती!

शर्यतीत सगळे भराभर पुढे गेले. "मास्तर, सासुरवाडीला निघालात काय?" कुणीतरी ओरडलं. मास्तरांनी ओठ आवळले आणि पाय आवरले. वळणावर एकोणतीस मिनिटं झाली होती.

वळले मात्र, वाऱ्यानं थोबाडीतच दिली. मेहुणा सवयीनं मागे सरकला. मास्तर त्याच्याही मागे.

"दाजी, तुम्ही पुढे व्हा."

"छे छे, आधी तू."

या आग्रहात दोघं इतके मंदावले, की बाबागाडी ढकलणारी एक बाई त्यांना मागे टाकून गेली. मास्तरांना माळा दिसायला लागला.

"हे बघ, एक किलोमीटर मी पुढे, एक तू. पटतंय?"

"पटलं."

दुसऱ्या किलोमीटरला मेहुणा पुढे झाला आणि वारा एकदम बंद पडला. काय ती पाठ! नुसती भिंत! हे सुख आपण आठ वर्षं फुकट वाटलं, या विचारानं मास्तरांचा जीव जळला. आणि पाचातला शेवटचा पुन्हा आपल्याच वाट्याला येतो, हे जन्मभर मापं घेणाऱ्या माणसाच्या फार उशिरा लक्षात आलं. शेवटच्या पन्नास पावलांवर मेहुणा नेमानं पुढे निघून गेला.

मास्तर पोहोचले तेव्हा बायको घड्याळ धरून उभी होती. एकोणसाठ मिनिटं, एक्केचाळीस सेकंद.

धाप ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "बूट माळ्यावर टाकायचे होते ना तुला? मग वाऱ्याचं सांगितलंस कशाला?"

"घरात बसून माझं डोकं खाल्लं असतंत, म्हणून."

मास्तरांचे डोळे भरून आले. "पाठीवरचा वारा कळतच नाही बघ माणसाला."

"कळला ना? आता तो सदरा काढा, वाळत घालायचाय."