शेजारणीच्या वहीतला गृहपाठ

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी जाहीर केलंत की तुम्हालाही शाळा सोडून मामाच्या शेतावर राहायचं आहे. त्याने टाकलेले फोटो बघून हे ठरवलंत, असं तुमच्या आईने सांगितलं. मातीने भरलेले पाय, टोपलीभर वांगी, चिकूच्या झाडाखाली पुस्तक घेऊन बसलेली तुमची मामेबहीण. फोटो खरे आहेत. त्या टोपलीतली वरची सहा वांगी चांगली होती आणि खालची सगळी किडकी होती, एवढंच फोटोत दिसत नाही. न दिसणाऱ्या गोष्टी मी लिहून पाठवते. तुमची आई हे वाचून दाखवताना भावाची बाजू घेऊन मधलं मधलं गाळेल. तिने गाळू नये.

तुमच्या मामाने अंधेरीचं ऑफिस सोडून गोराईला अर्धा एकर घेतला, त्याला आता पाच वर्षं झाली. बोरिवलीहून खाडी ओलांडून जावं लागतं, पाच-दहा मिनिटांची लाँच. पलीकडे उतरलं की लोक साधे होतात, असा मामाचा समज आहे. मला तरी दोन्ही काठांवर सारखेच भेटले. मामी घरबसल्या लॅपटॉपवर कंपन्यांची बोधचिन्हं काढते, त्यावर घर चालतं. मामा शेती करतो आणि मुलीला शिकवतो. 'शिकवतो' हा शब्द त्याला चालत नाही. तो म्हणतो, 'मी तिच्या सोबत असतो.'

मी तिथे कधी दोन दिवसांपेक्षा जास्त राहिले नव्हते. या डिसेंबरात आमच्या सोसायटीत ड्रेनेजचे पाइप बदलायचं काम निघालं, संडास बंद होणार होते, म्हणून महिनाभर राहायची वेळ आली. मी माझं टेबलावरचं घड्याळ, थर्मास आणि उशी घेऊन गेले. घड्याळ ठेवायला त्या घरात टेबल नव्हतं. घड्याळच नको, म्हणून टेबलही नाही, अशी काहीतरी त्यामागे भूमिका होती. मी ते खिडकीत ठेवलं.

पहिल्याच संध्याकाळी मामाने मला चहा दिला आणि समोर मांडी घालून बसला.

"आई, एक सांगायचं होतं. हिचं काही तपासू नकोस हं."

"तपासू नको म्हणजे?"

"म्हणजे चूक-बरोबर नको. आम्ही तो शब्दच वापरत नाही. तिचं तिला सापडू दे."

"आणि नाही सापडलं तर?"

"तर तिची वेळ आली नसेल."

तीस वर्षं मी मुलांची गणितं तपासली. त्या पगारावर हा वाढला आणि कॉलेजात गेला, आणि त्याच्या अपूर्णांकांची वेळ चौथीतच आली होती, कारण मी आणली होती. पण पाहुणी म्हणून गेले होते. चहा प्यायले.

त्यांचा दिवस सांगते. शेजारच्या वाडीत पहाटे पाचला दिवा लागायचा. शेजारीण कोळीवाड्यातली, नवरा होडीवर जातो आणि ही पालक, मुळा, दुधी करते. सातच्या आत तिच्या जुड्या बांधून लाँचवर चढलेल्या असत. आमच्याकडे साडेआठला लोक उठत, कारण शरीराला स्वतःची वेळ असते. मग सगळ्यांनी चटईवर गोल बसायचं आणि आज आपल्याला कसं वाटतंय ते एकेकाने सांगायचं. मामाला 'मोकळं' वाटायचं. मामीला रोज 'कृतज्ञ' वाटायचं, पण सांगताना तिचं लक्ष लॅपटॉपकडे असायचं. माझी पाळी आली तेव्हा मी भूक लागल्याचं सांगितलं. ही भावना नाही, असं मला प्रेमाने समजावण्यात आलं.

अंगणात मातीची चूल होती, सुंदर सारवलेली. तिच्यावर पाहुणे आले की चहा व्हायचा. एरवीचा स्वयंपाक आत गॅसवर. पिकाला घालायला शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन कालवून पिंपात आंबत ठेवलेलं असे. गाय मात्र नव्हती. शेण शेजारणीकडून यायचं, आणि ते देताना ती कुंपणावरून मामाला विचारायची, "काय हो, आज परत भजी काय?" बेसनामुळे. मामाला वाटे ती त्याच्या प्रयोगात रस घेते.

तुमची मामेबहीण दहा वर्षांची आहे, लांब हातापायांची, शांत. तिला बरंच काही येतं, हे मी कबूल करते. दुधी नखाने दाबून कोवळा की जून ते सांगते. इंग्रजी पुस्तकं भराभर वाचते. पण तिला सात आठे किती विचारलं, तर ती अंगणात जाऊन आठ-आठ खड्यांच्या सात रांगा मांडून मोजून यायची. मामा ते कौतुकाने बघायचा. "बघ, तिने शोधून काढलं," म्हणायचा. सोमवारी शोधून काढलेलं गुरुवारी परत शोधायला लागायचं, त्याचं काही नाही.

शेण आणायचं काम तिचं होतं. रोज दुपारी चारला टोपली घेऊन जायची आणि साडेपाचला यायची. शेजारची वाडी कुंपणाला लागून. टोपलीभर शेणाला दीड तास लागतो, हे माझ्याशिवाय त्या घरात कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण घड्याळ माझ्याशिवाय कोणाकडे नव्हतं. पाचव्या दिवशी पालक आणायच्या निमित्ताने मी तिच्या मागे गेले.

शेजारणीची मुलगी पाचवीत, गावातल्या शाळेत जाणारी. ती मुळ्यांना पाइपाने पाणी घालत होती, गाणं म्हणत, अगदी निवांत. आणि आमची उपड्या क्रेटवर बसून, मांडीवर तिचं दप्तर ठेवून, तिच्या वहीत अपूर्णांकांची बेरीज करत होती.

"हे काय चाललंय?"

"आजी, हळू बोल ना! तिचा गृहपाठ करतेय."

"तो तिने करायचा असतो."

"तिला कंटाळा येतो. मला नाही येत."

"तुला गणितंच हवीत तर घरी कर की."

तिने पानात बोट ठेवून वही मिटली. मग म्हणाली, "घरी केलं तर बाबा म्हणतो, छान. काहीही केलं तरी छानच म्हणतो. इथे त्यांच्या बाई तपासतात. उद्या वही आली की कळतं ना, बरोबर आहे का ते."

दिवाळीपासून हे चाललं होतं. शेजारच्या मुलीचं गोल अक्षर तिने हुबेहूब उचललं होतं. वहीच्या पानापानावर बाईंचे लाल शेरे होते, आणि ते दुसरीच्या नावावर पडलेले शेरे ही तिथे बसून वाचायची. ज्या घरात 'चूक' शब्दाला बंदी, त्या घरातल्या मुलीला आपली चूक बघायला कुंपणाखालून सरपटावं लागत होतं. ही मामाच्या पाच वर्षांच्या प्रयोगाची फलश्रुती.

त्याच क्षणी मी दोघींच्या आयांना सांगायला हवं होतं. तीस वर्षांत एकमेकींचं उतरवून काढणाऱ्या किती मुलींना मी वर्गाबाहेर उभं केलं, त्याची गणती नाही. पण मी वहीत डोकावले. तिसऱ्या गणितात तिने छेद न जुळवता बेरीज मारली होती. मी बोट ठेवलं. "इथे बघ," म्हटलं. तिने ओठ चावून विचार केला, खोडलं, परत केलं आणि अशी हसली, की मी दुसऱ्या क्रेटवर बसले. पुढचे दहा दिवस रोज चारला आम्ही दोघी शेण आणायला जात होतो.

त्या मधल्या काळात शेजारच्या मुलीचं काय होतंय, हा विचार मी केला नाही. मास्तरीण असून केला नाही. हेही गाळू नये.

जानेवारीत शाळेत घटक चाचणी झाली. जिची वही वर्गात पहिली, तिला गणितात पंचवीसपैकी तीन मिळाले. बाईंनी आईला बोलावलं, मुलीने दोन मिनिटांत सगळं ओकून टाकलं. दुपारी शेजारीण वही हातात घेऊन आमच्या अंगणात आली. मामा पिंप ढवळत होता.

"ही तुमच्या पोरीची अक्षरं. बघा! माज्या पोरीला तीन मिलाले, तीन!"

मामाला काहीच माहीत नव्हतं. तो काठी टाकून म्हणाला, "ताई, शांत व्हा. आपण सगळे गोल बसून बोलू या."

"मना बसायला वेल नाय. जुड्या बांधायच्या हायेत. तुमाला शाला नको तर नको, तुमचं निभंल. माजी पोर नापास झाली तर ती काय करंल, जुड्याच बांधंल ना माज्यासारख्या? तिची वाट कशाला लावता?"

मग तिने मला पाहिलं. "आनि मावशी, तुमी तर मास्तरीन! तुमी रोज तितं बसायच्या ना?"

मी हो म्हटलं.

मामाने आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग मुलीकडे वळला. त्याचा आवाज चटईवरचा झाला. "बाळा, तुला असं का करावंसं वाटलं? इथे तुझं तू ठरवतेस. तुला काय हवंय, मोकळेपणाने सांग."

"मला शाळेत जायचंय," ती म्हणाली.

मामी लॅपटॉप सोडून दारात आली होती. शेजारणीचा राग जागच्या जागी थांबला.

"हे तुझं आहे, की आजीने सांगितलं?"

"माझं आहे."

"तुला माहितेय शाळा काय करते? रोज घंटा, रांगा, सगळ्यांना एकच पुस्तक. तुला नाही आवडणार."

"नाही आवडली तर सोडेन. तू ऑफिस सोडलंस तशी."

शेजारीण मोठ्याने हसली. मग तोंडावर पदर धरला. मामाचा चेहरा असा झाला, की मला, त्याच्या आईला, त्या क्षणी त्याच्याकडे बघवेना. तो म्हणाला, विचार करायला वेळ द्या, अजून ती तयार नाही, बाहेरच्या दबावाखाली निर्णय नको. पाच वर्षं मुलीला स्वतःचं स्वतः ठरवायला शिकवलं, ते सगळं तिने भलतंच ठरवल्याबरोबर रद्द.

मग मामी बोलली. लग्नापासून तिला त्याच्यावर आवाज चढवताना मी पाहिलेलं नाही, तेव्हाही तिने चढवला नाही. "तिनं ठरवलंय रे," म्हणाली. "आता तू फक्त सोबत जायचंस."

मी एक अट घातली. शेजारच्या मुलीचं आधी निस्तरायचं. रोज चार ते साडेपाच दोघींनी आपापल्या वहीत गणितं करायची, मी समोर बसणार. शेजारीण म्हणाली, "आनि मुल्यांना पानी?" मी म्हटलं, ते तुमच्या शेजाऱ्यांनी घालावं, त्यांना शेतीची आवड आहे. मामाने दोन आठवडे घातलं, निमूटपणे. त्याच्या स्वतःच्या मुळ्यांपेक्षा ते मुळे बरे आले, कारण शेजारीण मागे उभी राहून त्याला चुका सांगायची.

त्यानंतरच्या सोमवारी सातला आम्ही तिघं शाळेत गेलो. बैठी शाळा, समोर अंगण, मुख्याध्यापिका माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान. आमची आधी त्यांच्यासमोर उभी राहिली आणि वहीची सगळी गोष्ट स्वतः सांगितली, मी पढवलेलं काही नव्हतं. बाईंनी ऐकून घेतलं. "पुन्हा नाही ना?" एवढंच विचारलं, आणि वय बघून पाचवीत बसवते म्हणाल्या.

मामाने अर्ज भरायला घेतला. 'यापूर्वीची शाळा' या रकान्यापाशी पेन थांबलं. तो मान वर करून सांगू लागला, की तसं बघायला गेलं तर शिक्षण चालूच होतं, फक्त चौकटीत नव्हतं, मातीतून, ऋतूंमधून, तिच्या आतल्या...

"तिथे रेघ मारा," बाई म्हणाल्या.

त्याने रेघ मारली.

आमची दप्तर घेऊन वर्गात गेली. शेजारच्या मुलीने बाकावर मधोमध ठेवलेला डबा आधी उचलला नाही. तोंड दुसरीकडे करून बसली होती. आमची उभीच राहिली, कितीतरी वेळ. शेवटी त्या मुलीने डबा उचलून मांडीवर घेतला, आणि आमची बाकाच्या टोकाला टेकली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

मामा फाटकातून हलेना. शिपाई दोनदा येऊन गेला. दाढी वाढलेला, पायाला शेतातली माती, असा तो एका हाताने गज धरून उभा होता, आणि आत सत्तर पोरं एका सुरात पाढे म्हणत होती, जे त्याला अजिबात पसंत नाही.

"आई," तो म्हणाला, "तिला आवडलं तर?"

जूनमध्ये फाटकाशी रडवेले झालेले आईबाप मी तीस वर्षं पाहिले. त्यांना मी कधी थारा दिला नाही, त्यालाही दिला नाही.

"शाळा साडेबाराला सुटते," मी म्हटलं. "पाण्याची बाटली तुझ्याच हातात राहिलीय. ती देऊन ये."